कुलूप की कसोटी? : भूमिका-खेळांतील परीकथेच्या कोड्यांविषयी

१

परीकथेतील कोडे आणि कुलूप या दोन भिन्न जातीच्या गोष्टी आहेत. कुलपाला किल्ली लागते. ती कोणाच्या हातात आहे याच्याशी कुलपाला काही कर्तव्य नसते. परीकथा मात्र उत्तराइतकीच, किंबहुना उत्तरापेक्षा अधिक, उत्तर देणाऱ्याची पारख करते. तिच्यातील कोडे ही कसोटी असते. हा भेद पुसून टाकण्याचे काम कल्पनारम्य भूमिका-खेळांचे रचनाकार गेली पन्नास वर्षे करीत आले आहेत. लोककथेच्या अभ्यासातील वर्गीकरणवादाने त्यांना त्यासाठी साधने पुरविली आहेत. आणि आपल्याकडील अभ्यास त्याच वर्गीकरणवादाच्या आहारी गेलेला असल्यामुळे या प्रकाराला आक्षेप घेण्याचे सामर्थ्य त्यात उरलेले नाही. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन इतकेच आहे.

समीक्षेच्या नियतकालिकात खेळाची चर्चा कशासाठी, असा प्रश्न येथे उपस्थित केला जाईल. योहान हाउझिंगा यांनी १९३८ साली ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथात वैदिक यज्ञप्रसंगी होणाऱ्या प्रश्नोत्तरांच्या स्पर्धांचा विचार करून ज्ञान आणि खेळ यांचे मूळचे नाते दाखवून दिले होते. ब्रह्मोद्य ज्यांच्या परंपरेत आहे त्यांनी तरी कोडे हा पोरकट विषय मानू नये. शिवाय ज्या खेळाविषयी आपण बोलत आहोत तो कथनाचाच एक प्रकार आहे. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात. एक जण कथनाची सूत्रे सांभाळतो. इतर प्रत्येकी एकेक पात्र होतात आणि आपले पात्र काय करते ते तोंडाने सांगतात. निष्पत्ती अनिश्चित असेल तेथे फासे पडतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा या प्रकारातील आद्य खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. छापील पुस्तके त्याला आधाराला असली तरी त्याची खरी संहिता बैठकीतच घडते आणि बैठक उठली की विरते. सांगणारा आणि हुंकार देणारा यांच्यावाचून गोष्ट नसते, हे मौखिक कथनाचे सूत्र या खेळाला अक्षरशः लागू पडते. येथे हुंकार देणाऱ्याला गोष्टीत उतरून कृती करावी लागते, एवढाच फरक. म्हणजे मौखिक परंपरेविषयी हळहळणाऱ्या विद्वानांच्या नजरेसमोरच एक नवा मौखिक प्रकार उभा राहिला आहे. आणि त्याची दखल घेणे त्यांना कमीपणाचे वाटते.

२

या प्रकाराने परीकथेचे काय केले? प्रारंभीच्या काळातील दोन प्रसिद्ध साहस-संहिता पाहू. गायगॅक्स यांच्या ‘टूम ऑफ हॉरर्स’मध्ये (१९७८) थडग्याच्या प्रवेशमार्गावर एक कूटपद्य कोरलेले आहे, ते उलगडले तर वाट सापडते, न उलगडले तर मृत्यू. लॉरेन्स शिक यांच्या ‘व्हाइट प्लूम माउंटन’मध्ये (१९७९) स्फिंक्स वाट अडवून कोडे घालते. दोन्ही ठिकाणी कोडे म्हणजे दार आहे. खेळणारा दयाळू आहे की क्रूर, त्याने वाटेत कोणाला काय दिले, कोणते वचन मोडले, याने त्या दाराला काहीही फरक पडत नाही.

आपल्या राक्षसाची गत तर अभ्यासण्यासारखी आहे. १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये वाघाच्या तोंडाचा, पाइप ओढणारा राक्षस आहे, आशीर्वादित केलेला क्रॉसबोचा बाण लागला की तो तत्काळ मरतो. ज्याच्या कथा तप, वर आणि वराच्या शब्दांतील फट यांवर उभ्या आहेत, त्याला एक किल्ली चिकटवून कोठारात ठेवून देण्यात आले. १९८० साली ‘डीटीज अँड डेमिगॉड्स’मध्ये इंद्र, वरुण, काली यांना प्राणांक मिळाले, म्हणजे किती घाव बसले की देव पडतो त्याचा आकडा. यात कोणाच्या भावना दुखावतात हा येथे मुद्दा नाही. कथेतील नाते काढून घेऊन तिच्या जागी गुणधर्म ठेवण्याची ही क्रिया आहे, आणि ती वाङ्मयीन दृष्टीने निकृष्ट आहे, हा मुद्दा आहे.

अलीकडे काही बदल झाले आहेत आणि ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ‘द वाइल्ड बियाँड द विचलाइट’ (२०२१) या संहितेत कोणताही प्रसंग लढाईवाचून सोडविता येतो, आणि तिच्यातील परीराज्य पाहुणचार, मालकी व परतफेड या तीन नियमांवर चालते. परीकथेच्या मर्माच्या इतके जवळ येऊनही तिने ते मर्म कलमांसारखे नोंदवून ठेवले आहे. पाहुणचाराचे कलम झाले की पाहुणचार उरत नाही, करार उरतो. ‘जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल’ (२०२२) या संग्रहात मिमी मंडल यांच्यासारख्या लेखकांनी आपापल्या परंपरांतून साहसे रचली. लेखक बदलले ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण लेखक बदलल्याने कोड्याचा आकृतिबंध आपोआप बदलत नाही.

३

हा आकृतिबंध रचनाकारांनी हवेतून आणलेला नाही. व्लादिमिर प्रॉप यांनी १९२८ मध्ये रशियन अद्भुतकथेची एकतीस कार्ये सांगितली. त्यांतील पंचविसावे कार्य म्हणजे अवघड कामगिरी आणि सव्विसावे म्हणजे तिची पूर्तता. कोडी येथे येतात. पण त्यांच्या कितीतरी आधी बारावे कार्य येते : दाता नायकाची परीक्षा घेतो. तेराव्यात नायक प्रतिसाद देतो, चौदाव्यात त्याला साधन मिळते. हा दाता बहुधा कोणी म्हातारी, भिकारी किंवा अडकलेला प्राणी असतो, आणि आपण परीक्षा घेत आहोत हे तो सहसा सांगत नाही. कामगिरी पुरी होते ती दात्याकडून मिळालेल्या साधनामुळे. म्हणजे पंचविसाव्या कार्याचे उत्तर बाराव्यात दडलेले असते. भूमिका-खेळाच्या रचनाकारांनी पंचविसावे कार्य उचलले आणि बारावे सोडून दिले. त्यांना अडथळा हवा होता. परीक्षा नको होती.

स्टिथ थॉम्प्सन यांच्या कल्पनाबंध-सूचीतही हा भेद नोंदलेला आहे. तिच्या ‘एच’ विभागाचे शीर्षकच ‘परीक्षा’ असे आहे. त्यात कोडी एका क्रमांकगटात आहेत आणि शीलपरीक्षा दुसऱ्या. पण सूचीचा स्वभावच असा की एकदा क्रमांक पडला की वस्तू सुटी होते आणि सुटी वस्तू कोठेही जोडता येते. सूची म्हणजे सुट्या भागांचे दुकान, असा समज तिथून रुजला. आपल्याकडे लोककथांवरील कितीतरी प्रबंध याच दुकानातील मालाची मोजदाद करून थांबतात. कथा कोणी, कोणाला, कशासाठी सांगितली हे परिशिष्टात जाते. कल्पनाबंधाचा क्रमांक मात्र मुख्य प्रकरणात. मग खेळाच्या रचनाकाराने त्याच पद्धतीने माल उचलला तर कोणत्या तोंडाने त्याला हरकत घ्यावयाची?

या बाबतीत आन्द्रे योलेस यांचे ‘साधे आकार’ (१९३०) अधिक उपयोगी पडतात. योलेस यांच्या मते कोडे आणि परीकथा हे दोन स्वतंत्र साधे आकार आहेत. कोडे घालणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असते. समोरचा आपल्या मंडळात घेण्याजोगा आहे की नाही एवढेच त्याला तपासावयाचे असते. परीकथेच्या मुळाशी मात्र एक भाबडी नीती असते : जग जसे असावयास हवे तसे तेथे घडते. तेव्हा ‘परीकथेतील कोडे’ हा एक संकर आहे. त्यात कोड्याची चौकट आणि परीकथेची नीती यांचा मेळ बसला तरच तो जिवंत राहतो. नीती वगळली की उरते ते मंडळाचे प्रवेशपत्र. आणि खेळाच्या टेबलावर ते मंडळ म्हणजे असली कोडी पूर्वी सोडविलेल्यांचा कंपू असतो.

टोल्कीन यांचे उदाहरण येथे बोलके आहे, कारण या खेळांचे रचनाकार त्यांचे ऋण मानतात. ‘द हॉबिट’मधील (१९३७) कोड्यांचा सामना बिल्बो जिंकतो तो वस्तुतः कोडे नसलेल्या एका प्रश्नाने. १९५१ च्या सुधारित आवृत्तीत टोल्कीन यांनी हे प्रकरण बदलले आणि त्यात दुसरी कसोटी आणली : पळून जाताना वाटेत आडवा असलेल्या गॉलमला मारावे की नाही? बिल्बोला त्याची कीव येते, तो त्याला मारीत नाही. आणि पुढील त्रिखंडात्मक कादंबरीचा सारा शेवट या कृपेवर टांगलेला आहे. खेळांनी या प्रकरणातून कोड्यांचा सामना घेतला. कृपा त्यांच्या हिशेबात बसली नाही.

४

आपल्या परंपरेतील कोडी या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहेत. ‘वेताळपंचविशी’ सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी १८३० च्या सुमारास मराठीत आणली, तेव्हापासून ती बालवाङ्मय म्हणून खपत आली आहे. तिची रचना कुलपाच्या तर्काला सरळ उलटी आहे. राजाने उत्तर बरोबर दिले की वेताळ झाडावर परत जातो. प्रत्येक अचूक उत्तर म्हणजे एक हरलेली फेरी. अखेरच्या प्रश्नाला राजापाशी उत्तर नाही. तो गप्प राहतो, आणि त्या मौनामुळेच वाट मोकळी होते. हे मौन कसबाचे नव्हे. उत्तर ठाऊक असून गप्प राहिल्यास डोके फुटेल अशी अट आहे. म्हणजे खरोखरच न कळण्याला येथे किंमत आहे. असे कोडे किल्लीच्या भाषेत कसे लिहिणार?

यक्षप्रश्नांचेही तसेच. युधिष्ठिराची सारी उत्तरे बरोबर आली तरी प्रसंग संपत नाही. एकच भाऊ जिवंत करून मिळेल असे यक्ष म्हणतो तेव्हा युधिष्ठिर भीमार्जुनांना सोडून नकुलाला मागतो, कारण माद्रीचाही एक पुत्र राहावा. प्रश्नमालिका ही चौकट होती. कसोटी तिच्यानंतर आली, आणि तिचे उत्तर कोणत्याही ग्रंथातून पाठ करून देता आले नसते.

पण सर्वांत निर्मळ उदाहरण आहे श्रावणी सोमवारच्या खुलभर दुधाच्या कहाणीचे. राजाला महादेवाचा गाभारा दुधाने भरावयाचा आहे. साऱ्या नगरीचे दूध ओतले तरी गाभारा भरत नाही. एक म्हातारी मुलाबाळांना, वासरांना पाजून उरलेले खुलभर दूध आणते आणि गाभारा भरतो. कुलपाच्या पद्धतीचा रचनाकार येथे ‘म्हातारीचे दूध’ ही किल्ली ठरवील; मग खेळणारे नगरभर म्हातारी शोधीत फिरतील आणि सापडल्यावर तिचा गडवा हिसकावून आणतील. गाभारा भरेलही, कहाणी मात्र मेलेली असेल. कहाणीचा नियम वस्तूविषयी नाहीच. कोणाला उपाशी ठेवून आणलेल्या दुधाने गाभारा भरत नाही, हा तो नियम. रचनाकाराने हा नियम मनाशी धरला, तर खेळणाऱ्यांनी काहीही आणावे : दूध, पाणी, धान्य. ते कोणाच्या तोंडचे काढून आणले, एवढेच तो पाहील. येथे उत्तर एक नसते, पण कोणतेही उत्तर चालते असेही नसते. भाबड्या नीतीची शिस्त ती हीच.

५

येथवरच्या विवेचनाला मी नंदुरबार जिल्ह्यातील मोलगीच्या परिसरात नेऊ इच्छितो. अक्कलकुवा तालुक्यातील या बाजारगावाच्या भोवतालचे सातपुड्याचे डोंगर म्हणजे देशी अद्भुताच्या शोधात असलेल्या कोणाही रचनाकाराला भुरळ पडावी असा प्रदेश : भिल्ली बोली, दऱ्या, नर्मदा. शेजारच्या अक्राणी तालुक्यात अस्तंबा हा डोंगर आहे. दिवाळीच्या सुमारास तेथे यात्रा भरते. हा अस्तंबा म्हणजेच अश्वत्थामा अशी श्रद्धा आहे. कपाळीची न भरणारी जखम घेऊन तो रानात हिंडतो, वाटसरूंकडे जखमेसाठी तेल मागतो, वाट चुकलेल्यांना वाट दाखवितो, असे लोक सांगतात.

प्रॉप यांच्या परिभाषेत हा निखळ दाता आहे : मागतो, आणि देतो. सूचीवाल्याच्या हाती तो पडला तर ‘तेल दिले की वाट मिळते’ असे कुलूप तयार होईल. पण थोडा विचार करावा. हा मागणारा द्रोणाचा पुत्र आहे, आणि झोपलेल्या द्रौपदीपुत्रांना मारणारा आहे. ज्यांच्या डोंगरात तो तेल मागतो ते भिल्ल एकलव्याला आपला मानतात. आणि एकलव्याचा अंगठा मागितला तो द्रोणानेच. बापाने अंगठा मागितला, मुलगा तेल मागतो. अंगठा मागणारा गुरुदक्षिणेचा हक्क सांगत होता. तेल मागणाऱ्यापाशी कोणताच हक्क उरलेला नाही. हे नाते कोणी कथेत मुद्दाम गुंफले असा माझा दावा नाही. ते परंपरेत शेजारी-शेजारी पडून आहे, आणि वाचणाऱ्याला टाळता येत नाही. महाभारत ठाऊक असलेला खेळाडू आणि समोर केवळ जखमी माणूस पाहणारा खेळाडू यांनी काय करावे? दोघांची उत्तरे वेगळी येतील, आणि दोन्ही उत्तरांची किंमत मोजावी लागेल. एका किल्लीचे कोडे हे ओझे पेलू शकत नाही.

याच परिसरातील काठी येथील होळीत पुरुष बावा, बुध्या अशी रूपे घेतात. ही रूपे घेणाऱ्यांना काही दिवस कडक पाळणी पाळावी लागते. भूमिका घेणे म्हणजे बंधन स्वीकारणे, हे भूमिकेविषयीचे अतिशय प्रगल्भ सूत्र मोलगीच्या आसपास आजही आचरणात आहे. भूमिका-खेळाने भूमिकेला पोशाख आणि गुणांची यादी एवढ्यावर आणून ठेवले. तेव्हा या प्रदेशातून काही घ्यावयाचेच असेल तर तिरकमठे आणि मोरपिसे घेण्याआधी हे सूत्र घ्यावे. देशीपणाच्या नावाखाली बुटक्यांच्या जागी भिल्ल आणि किल्ल्याच्या जागी सातपुडा ठेवणे ही सजावट झाली. कोडे तेच राहिले तर बदलले ते केवळ दाराचे कोरीवकाम.

आणि हा प्रदेश रिकामा रंगमंच नाही. सरदार सरोवरामुळे अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. कितीतरी कुटुंबांना डोंगर सोडून तळोद्याकडील सपाटीवर वसावे लागले. ज्यांच्या पायाखालच्या वाटा पाण्याखाली गेल्या, त्यांच्या कथेतील वाट दाखविणारा कोणाच्या तरी टेबलावर वीस पैलूंच्या फाशाने ‘जिंकला’ जाणार असेल, तर त्याला कल्पनास्वातंत्र्य म्हणण्याआधी थांबावे लागते.

६

यावर तीन आक्षेप संभवतात.

पहिला : खेळ पुढे सरकला पाहिजे, उत्तर नसलेले कोडे खेळणाऱ्यांना अडकवून ठेवते. जस्टिन अलेक्झांडर यांनी २००८ मध्ये मांडलेला नियम या चिंतेतूनच आला : जो निष्कर्ष खेळणाऱ्यांनी काढावा असे वाटते त्याचे किमान तीन सुगावे ठेवा. रहस्यकथेपुरता हा नियम निर्दोष आहे. परीकथेलाही तीन प्रिय आहेत. अक्सेल ऑल्रिक यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच त्रिवाराचा नियम सांगितला. पण परीकथेतील तीन म्हणजे एका उत्तराचे तीन सुगावे नव्हेत. तीन भाऊ एकाच म्हातारीजवळून जातात. दोघे थांबत नाहीत, तिसरा थांबतो. त्या तीन संधी आहेत. तेल मागणारा तीनदा भेटावा : एकदा दिवसा, मशालीला तेल भरपूर असताना, एकदा सांजावताना, एकदा काळोखात, शेवटचे पळीभर तेल उरले असताना. नकार दिला म्हणून कोणी मरू नये. काळोखातली वाट लांब व्हावी, एवढेच. खेळ कोठेही अडत नाही. द्यावे की न द्यावे यासाठी फासा मात्र टाकू नये. दिल्यानंतर काय होते त्यासाठी खुशाल टाकावा. आचरण दैवाकडे सोपविले की कसोटी संपली.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सराईत खेळाडूला वाटेवरची म्हातारी दिसली की ती दाता आहे हे कळते. तो हिशेबाने दया करतो. मग शीलाची कसोटी हीही एक किल्लीच झाली. हे खरे आहे, आणि परीकथेला ते आपल्याही आधी ठाऊक आहे. आर्ने-थॉम्प्सन वर्गीकरणातील ४८० क्रमांकाचा कथाप्रकार, म्हणजे मायाळू आणि कठोर मुलींची कथा, याच प्रश्नावर उभा आहे. पहिली मुलगी सेवा करते व बक्षीस मिळविते. दुसरी ते बक्षीस पाहून त्यासाठीच निघते, आणि फसते. हिशेबी खेळाडूची टीका कथेनेच लिहून ठेवली आहे. रचनाकाराने एवढेच पाहावे की देण्याला खरी किंमत असावी आणि मोबदला आधी दिसू नये. शेवटचे तेल देताना हिशेबी माणसाचाही हात अडखळतो, आणि त्या अडखळण्यात खेळ सुरू होतो.

तिसरा आक्षेप विद्वानांचा : या साऱ्याला वाङ्मय का म्हणावे? माझे उत्तर असे की चांगले रचलेले कोडे ही मूळ कथेची समीक्षाच असते. खुलभर दुधाची कहाणी खेळात आणू पाहणाऱ्याला तिचा नियम वस्तूत आहे की संबंधात, हे ठरवावेच लागते; सूचीकाराला ते न ठरवताही पदवी मिळते. वाचनाची चूक प्रबंधात वर्षानुवर्षे खपून जाते. टेबलावर ती तासाभरात उघडी पडते, कारण खेळणारे म्हातारीचा गडवा हिसकावून आणतात.

७

तेव्हा माझी मागणी दुहेरी आहे. रचनाकारांनी सूचीतून माल उचलण्याचे थांबवावे. कथा सांगितली जाताना ऐकावी आणि तिने ऐकणाऱ्याकडून काय मागितले ते आधी लिहून काढावे. कोडे त्यानंतर रचावे. आणि विद्यापीठीय अभ्यासकांनी या खेळाच्या संहितांना अभ्यासविषय म्हणून प्रवेश द्यावा, उदारपणे नव्हे तर स्वतःच्या पद्धतीची तपासणी म्हणून. मोलगीकडील एखादी कथा टेबलावर येणारच असेल, तर ती सांगणाऱ्यांची मुले त्या टेबलाभोवती खेळणारी म्हणून बसावीत, आणि कोडे चुकीचे रचले आहे असे सांगण्याचा पहिला अधिकार त्यांचा असावा. माहितीचा स्रोत म्हणून त्यांची नावे ऋणनिर्देशात छापून भागणार नाही. कथेने नियम मोडला की नाही हे सांगू शकणारे लोक जोवर टेबलापासून दूर आहेत, तोवर आपण परीकथांची कुलपे बनवीत राहू आणि ती उघडली की स्वतःच टाळ्या वाजवू.